दोन्दे ले द्वेले

"सांग रे," तो माणूस म्हणाला आणि तिने विचारलं, "काय सांगू?"

तो पुन्हा म्हणाला, "सांग रे, सांग रे." त्याच्या मागे कसलं तरी यंत्र घरघरत होतं, मग ते थांबलं आणि नुसता त्याचा श्वास उरला, धावत जिना चढून आलेल्या माणसासारखा. 'रे' म्हटल्याचं तिला काही वाटलं नाही. मदतीच्या फोनवर बसणाऱ्या बाईला लोक काय वाटेल ते म्हणतात. घाबरलेल्या माणसाला समोर बाई आहे की बुवा, हे कुठलं कळायला. एका म्हातारीने तर तिला एकदा अख्खा फोनभर 'देवा' म्हटलं होतं. कामावर आल्यावर हेडफोनबरोबर ती एक शांत, सपाट आवाजही चढवत असे. त्या आवाजात ती त्याला म्हणाली, "हे बघा, सांगायचं तुम्ही. काय झालंय? कुठून बोलताय?" तो म्हणाला, "मुचा सांग रे," आणि फोन कशावर तरी आपटल्याचा आवाज झाला. नंतर पावलं. नंतर काहीच नाही. समोरच्या पडद्यावर, नकाशात, नदीपलीकडचा एक मोठा फिकट गोल तेवढा दिसत होता. त्या गोलात कुठेतरी तो होता. तिने दवाखान्याची गाडी पाठवली. गाडीवाले गोलातल्या गल्ल्यांमधून फिरून हात हलवत परत आले.

चहाच्या वेळी भोंगा आला. भोंगा म्हणजे तिच्या शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी; कुजबुजला तरी तिसऱ्या रांगेत ऐकू जायचं, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत, आणि तोही त्या हाकेला ओ देई. "अगं, तुझा तो 'सांग रे'वाला सापडला," तो म्हणाला. "स्वतःच्या पायांनी चालत गेला दवाखान्यात. फरशी कापायच्या यंत्रात हात गेलेला. टॉवेल गुंडाळून गेला, शिवला त्यांनी. बरा आहे. आणि तो काही तुला सांग रे म्हणत नव्हता. स्पॅनिश होतं ते. सांग्रे म्हणजे रक्त. मुचा सांग्रे, खूप रक्त." मग तो हसला, कारण ती गोष्ट हसण्यासारखीच होती. "तो म्हणतोय रक्त, रक्त. आणि तू म्हणतेस, काय सांगू!"

तीही हसली. पण हसताना तिला पायाखालची पायरी अंदाजापेक्षा खोल निघावी तसं झालं. इतकी वर्षं ती कानावर जगत होती. माणूस दिसत नाही, घर दिसत नाही, दिसतो फक्त आवाज. आणि आवाजावरून ती ओळखायची की हा दारात उभा आहे की जमिनीवर पडलाय, खोटं बोलतोय की खरंच छातीत कळ येतेय. त्या कानाला आज एक शब्द ऐकू आला होता, स्वच्छ, एका अक्षराचीही चूक नसलेला, आणि तो भलताच होता. तिच्या ओळखीच्या, रोज तोंडात असणाऱ्या शब्दाच्या आत कुणाचं तरी रक्त वाहत होतं, आणि तिला पत्ता नव्हता. बसमधून घरी जाताना एक मुलगी मैत्रिणीला फोनवर म्हणत होती, "सांग ना, सांग ना," आणि ती दचकून त्या मुलीच्या हातांकडे बघायला लागली.

नदीखालून बोगदा खणायचं काम सुरू झालं होतं. त्या कामावर दूरच्या देशांतून माणसं आली होती, हळूहळू त्यांची कुटुंबंही आली; पलीकडच्या काठावर नव्या चाळीवजा इमारती उभ्या राहिल्या, खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे दिसू लागले. त्यांतली बरीच माणसं स्पॅनिश बोलत. दुभाषी होते, पण ते कुठल्यातरी दुसऱ्या शहरात बसत आणि त्यांना फोनवर जोडून घ्यायला वेळ लागे. तेवढ्या वेळात माणूस मरू शकतो, हे बोलून दाखवायची गरज त्या खोलीत नव्हती. काचेच्या केबिनमधून मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कोणीतरी निदान दोनचार वाक्यं शिकून घ्या. श्वास, रक्त, कुठे दुखतंय, एवढं." सगळे आपापल्या पडद्याकडे बघू लागले. भोंगा तर खुर्चीची चाकं तपासू लागला. तिचा हात वर गेला. आपला हात वर गेलाय हे तिला मॅडमच्या चेहऱ्यावरून कळलं.

तिला शिकवायला कोचबाई मिळाली. शहराच्या बंदिस्त तरणतलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवणारी ही बाई तरुणपणी समुद्र ओलांडून इथे आलेली. साठी उलटलेली, खांदे दरवाज्यासारखे रुंद, केस पांढरे आणि पुरुषी कापलेले. इथली भाषा ती धडाधड बोलायची, पण वाटेत आलेल्या प्रत्येक लिंगाला तुडवत. "माझा आई मला सांगायची, पाणी खोटा बोलत नाही," असं काहीतरी ती म्हणे आणि ऐकणारा क्षणभर गोंधळे. पहिल्या दिवशी ती कागद घेऊन काठावरच्या बाकावर बसली, तर कोचबाईने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "हे नको. तू शब्द पाठ करशील, आणि फोन आला की विसरशील. पाण्यात ये."

"मला पोहता येत नाही फारसं."

"उत्तम. मग तू घाबरशील. घाबरलेलं माणूस लवकर शिकते."

आणि तिने खरोखरच पाण्यात शिकवलं. गळ्यापर्यंत पाणी, वर लोखंडी तुळयांचं उंच छप्पर, प्रत्येक आवाज त्या छपराला लागून दुप्पट होऊन खाली येणारा. क्लोरीनच्या वासाने डोळे चुरचुरत. कोचबाई तिचा हात धरून आपल्या पाठीवर ठेवी आणि म्हणे, "एस्पाल्दा." मग तिच्या पाठीवर आपला हात ठेवी, "एस्पाल्दा." पाठ म्हणजे आपल्या मागची, आपल्याला कधी न दिसलेली ती जागा, तिला त्या शब्दाने एकदम ओली, थंड आणि स्वतःची अशी हद्द आली. 'मानो' म्हटल्यावर तिचा हात आपोआप मानेवर गेला, तर कोचबाईने तो तिथून उचलून पाण्याबाहेर धरला. "मानो हा. हा हात." ती हबकली. एखादा कळवळून 'मानो' म्हणेल आणि आपण त्याला मान हलवू नका सांगत बसू. 'बोका' म्हणजे तोंड हे कळलं तेव्हा मात्र तिला हसू आवरेना. आ करा म्हणायचं तर बोका उघडायचा! हसताना नाकात पाणी गेलं, ठसका लागला, आणि कोचबाई तिच्या पाठीत थापा मारत ओरडली, "रेस्पिरे! रेस्पिरे!" ठसका थांबल्यावर म्हणाली, "हा शब्द आता तू मरेपर्यंत विसरणार नाही."

रेस्पिरे म्हणजे श्वास घ्या. रेस्पिरा म्हणजे तो श्वास घेतोय. शेवटच्या एका स्वराचा फरक. एका स्वरात कोणीतरी विनवतं, दुसऱ्या स्वरात ते घडलेलं असतं. ती पाण्यात उताणी तरंगायला शिकली तेव्हा कान पाण्याखाली असत, आणि आत आपल्याच श्वासाचा आवाज येई, मोठा, खोल, एखाद्या रिकाम्या घरात कोणीतरी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तसा. हा आवाज जन्मापासून चालू आहे आणि आपण एवढे दिवस कुठे होतो, असं तिला वाटे. लोक तिला फोन करून सांगत, त्याचा श्वास चालत नाही हो. आणि श्वास म्हणजे काय ते तिने कधी ऐकलंच नव्हतं.

सगळ्यात जास्त थक्क ती 'दोन्दे ले द्वेले'ने झाली. तुम्हाला कुठे दुखतंय. कोचबाईने त्याचे तुकडे करून दाखवले. दोन्दे, कुठे. ले, तुम्हाला. द्वेले, दुखतं. आणि उत्तर येणार, 'मे द्वेले', मला दुखतं. शाळेत इंग्रजी शिकताना तिला नेहमी वाटायचं की त्या भाषेत माणूस स्वतःच सगळं करतो, दुखणंही त्याच्याजवळ सामानासारखं असतं. इथे मात्र तसं नव्हतं. इथे दुखणं बाहेरून येतं आणि माणसाला लागतं, आपल्याकडे तहान लागते, भूक लागते, ठेच लागते, तसं. मला दुखतं. मे द्वेले. मधे एवढा समुद्र, आणि दोन्ही काठांवरच्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, दुखण्यापुढे स्वतःला सारखंच लहान करून घेतलं होतं. शिवाय तो 'दु'. तिने पाण्यात उभ्याउभ्या दोन-तीनदा म्हणून पाहिलं, दुखतं, द्वेले, दुखतं, द्वेले. ओठ दोन्ही वेळा त्याच जागी जाऊन चंबू करत, कोणाच्या तरी जखमेवर फुंकर घालायला निघाल्यासारखे. "काय झालं?" कोचबाईने विचारलं. ती एवढंच म्हणाली, "तुमचं आणि आमचं सारखंच दुखतं." कोचबाईने खांदे उडवले. "मग काय वेगळा दुखणार?"

घरी ती नवऱ्याच्या अंगावर सराव करू लागली. नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. दिवसभर लोकांना 'हे स्पष्ट की ते' विचारून तो इतका कंटाळून येई की घरी त्याला कोणी काही विचारलेलं खपत नसे. तो पेपर वाचत पडला की ती त्याच्या गुडघ्यावर बोट ठेवून म्हणे, "रोदीया." छातीवर हात, "पेचो." "दोन्दे ले द्वेले?"

"तू विचारायला लागल्यापासून सगळीकडेच," तो म्हणाला. पण पेपर त्याने बाजूला ठेवला. "अगं, पोट राहिलं. पोटाला काय म्हणतात?" ते सांगितल्यावर त्याने घोट्याला काय म्हणतात विचारलं, मग कानशिलाला, मग नखाला. नखाचं तिला येत नव्हतं. दोघं एकमेकांच्या नखांकडे बघत बसले. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याचं शरीर असं, जागेजागेने, नावानिशी कधी पाहिलं नव्हतं; लग्नाच्या नव्या दिवसांतही नाही. उजव्या बरगडीखाली एक तीळ होता. "हा कधीपासून?" "जन्मापासून असावा," तो म्हणाला. तिला उगाच भीती वाटली. एवढं सगळं, एकावर एक रचलेलं, कातडीच्या एका पातळ पिशवीत, चालतं, जेवतं, पेपर वाचतं. आणि फरशी कापायचं एक पातं त्याला पुरतं.

रविवारी धाकट्या भावाचा फोन आला. धाकटा लहानपणी अडखळत बोलायचा. शब्दाच्या पहिल्या अक्षरावर त्याची गाडी रुतायची, मान ताणली जायची, डोळे मोठे व्हायचे, आणि ती शांतता तिला सहन होत नसे. ती पटकन शब्द पुरा करायची. आई म्हणायची, "त्याच्या तोंडातला घास घेतेस का कधी? मग शब्द का घेतेस?" पुढे त्याचं अडखळणं आपोआप गेलं. आता तो एका शाळेत गणित शिकवायचा आणि नको तितकं बोलायचा. तिने त्याला बोका, मानो सांगून हसवलं आणि मग, का कोण जाणे, विचारलं, "अरे, तू अडायचास ना, तेव्हा आत काय व्हायचं?"

तो म्हणाला, "शब्द असायचा गं ताई. सगळाच्या सगळा असायचा, तोंडाशी येऊन उभा. पण त्याला ढकलायला जी हवा लागते ती नसायची." मग हसून म्हणाला, "आणि तू पुरा करायचीस तो बहुतेक वेळा माझा शब्द नसायचाच. मला पेटी हवी असायची, तू पेन्सिल आणून द्यायचीस."

"मग तू सांगायचं नाहीस?"

"कशाने सांगणार? मान हलवायचो. आणि पेन्सिल मिळाली की पेन्सिलीने खेळायचो. माझं काही बिघडलं नाही."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खिडकीशी उभी होती. समोरच्या इमारतीत एक बाई चादर झटकत होती, खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं. ढकलायला हवा लागते. तिने ओठांसमोर तळहात धरला आणि 'सांग' म्हणून पाहिलं. तळहातावर एक ऊबदार ठिपका उमटला आणि लगेच गेला.

पुढच्या खेपेला तिने कोचबाईला विचारलं की बाळंतपणाचं काय म्हणायचं. बाळ होणं याला काय म्हणतात? कोचबाई काठाला टेकून उभी होती, तिच्या पापण्यांवर पाणी होतं. "दार आ लूस," ती म्हणाली. "दार म्हणजे देणे. लूस म्हणजे उजेड. बाई बाळाला उजेडला देते." आणि पुन्हा काहीच विशेष नसल्यासारखं डोकं पुसू लागली. वरच्या काचांमधून दुपारचं ऊन तलावात उतरलं होतं, तळाच्या निळ्या फरशीवर उजेडाच्या जाळ्या हलत होत्या. त्या दोघींच्या पोटांवरून, दंडांवरून हलत होत्या. तिला स्वतःला मूल झालं नव्हतं. त्याचं दुःख करून, ते बाजूला ठेवून, मग ते कुठे ठेवलं हेही विसरून खूप दिवस झाले होते. आत्ता मात्र तिला वाटलं की तीही कधीतरी कोणीतरी उजेडाला दिलेली आहे. आईने, त्या लहान चणीच्या, भाजीवाल्याशीही हळू बोलणाऱ्या बाईने, सगळी ताकद एकवटून हे एवढं दिलं होतं. तिने मग धीर करून विचारलं, "आणि मेला, याला काय म्हणतात?"

"तो मी नाही शिकवणार," कोचबाई म्हणाली. "तू फोनवर बसते ना? मग तुझं काम त्याच्या आधी संपते." आणि थोड्या वेळाने, "एक शिक. एस्तोय आकी. मी इथे आहे. आमच्याकडे 'आहे' दोन आहेत. एक नेहमीचा, मी बाई आहे, मी म्हातारी आहे. दुसरा आत्ताचा, या जागेचा. एस्तोय हा दुसरावाला. काही आठवलं नाही तर हे म्हण. पण म्हणायचं तर राहायचं. म्हणून निघून नाही जायचं."

तो फोन आला तेव्हा भर दुपार होती, जेवणानंतरची सुस्त वेळ. थंडी पडली होती, खोलीतल्या हीटरने सगळ्यांना डुलक्या येत होत्या. भोंगा कोणाला तरी गॅसची गळती असेल तर आधी खिडकी उघडा म्हणून सबंध खोलीला ऐकू जाईल असं समजावत होता. तिच्या कानात एका तरुण पुरुषाचा आवाज फुटला. शब्द एकमेकांवर पडत होते, दगडांची गाडी रिकामी करावी तसे, आणि त्यांतून तिला एकच ओळखू आला, बेबे. मागे एका बाईचा आवाज होता. तो ओरडण्याचा नव्हता. खूप जड वस्तू एकटीने उचलताना येतो तसा, खालून येणारा.

"त्रान्किलो," ती म्हणाली. शांत व्हा. "दोन्दे?"

त्याने पत्ता सांगितला. तिने तुकडे जोडले, पुन्हा म्हणून दाखवले, तो सी, सी म्हणाला. एका हाताने तिने गाडी पाठवली, दुसऱ्या हाताने दुभाष्याची ओळ मागितली. पडद्यावर पूल लाल दिसत होता, गाड्या तुंबलेल्या. दुभाष्याच्या ओळीवर संगीत वाजत होतं. मग तो माणूस किंचाळला, "या व्येने! या व्येने!" आणि हे दोन शब्द तिला कोणी शिकवलेले नव्हते, तरी त्यांचा अर्थ तिला मणक्यातून कळला. येतंय. तिने एम्पूहे म्हटलं की नाही हे तिला नंतर आठवलं नाही. ढकला म्हणून सांगायची वेळ उलटून गेली होती, जे ढकलायचं ते त्या बाईने आधीच ढकललेलं होतं. काहीतरी ओलं, जड, सुटल्याचा आवाज झाला. त्या बाईचा एक लांब श्वास. आणि मग शांतता.

ही शांतता तिला माहीत होती. इतर सगळ्या शांततांमध्ये माणसं असतात, ती उभी असतात, बसलेली असतात, रडू आवरत असतात. या शांततेत एक जागा रिकामी होती. "नो योरा," तो म्हणाला, रडत नाही, आणि मग, अगदी हळू, "नो रेस्पिरा." शेवटचा स्वर आ. आ म्हणजे सांगणं. नाही घेत श्वास.

"तोआया," ती म्हणाली. टॉवेल. हा शब्द तिला तलावाने दिला होता, रोज बाहेर येताना कुडकुडत मागितलेला. त्याची पावलं धावली, परत आली. आता पुसा, नीट कोरडं करा, पाठ चोळा, जोरात चोळा, हे तिला सांगायचं होतं. अख्खं तिच्याजवळ होतं, ओठांशी येऊन उभं होतं, आणि चोळणं याला तिच्याजवळ शब्द नव्हता. पाठ होती, बाळ होतं, टॉवेल होता. मधलं चोळणं नव्हतं. कानात दुभाष्याचं संगीत गोड वाजत राहिलं. ती म्हणाली, "बेबे, एस्पाल्दा," आणि पुढे काही नाही. तो काहीतरी विचारत होता, पुन्हा पुन्हा, रडवेला होऊन. तिने मग तोंडासमोरचा माइक वाकवला, स्वेटरच्या बाहीवर दाबून धरला आणि दुसऱ्या तळहाताने त्यावर बाही घासायला लागली. खर्र, खर्र, खर्र. जोरात. लोकरीचा तो आवाज तिच्याच कानात वादळासारखा भरला. "एस्पाल्दा," ती माइकमध्ये ओरडली. "असं! असं! असं!" आपण कुठल्या भाषेत ओरडतोय हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

आणि तो माणूस म्हणाला, "आसी?"

"हो, असं!"

"आसी, आसी," तो म्हणाला, त्याच्या भाषेतही तो शब्द तोच होता, आणि तिला पलीकडून टॉवेलचा आवाज ऐकू यायला लागला. खर्र, खर्र. तिची बाही आणि त्याचा टॉवेल. दोघंही एका लयीत चोळत होते, नदीच्या दोन काठांवर, आणि मधे ती इवलीशी पाठ होती. ती जणू तिच्या तळहाताखाली होती. मणके तिला मोजता आले असते, पावट्याच्या शेंगेतल्या दाण्यांसारखे. "रेस्पिरे," ती म्हणत होती, त्याला नाही, बाळाला, आदराने, कारण तिला तसंच शिकवलेलं होतं. श्वास घ्या. घ्या ना. "एस्तोय आकी. रेस्पिरे. एस्तोय आकी." भोंगा खुर्ची वळवून बघत होता, त्याचा गॅसवाल्याचा फोन केव्हाच संपला होता. काचेच्या केबिनमधून मॅडम बाहेर येऊन उभ्या होत्या. कोणीही जागचं हललं नाही. तिची बाही गरम झाली, तळवा जळायला लागला, आणि ती चोळत राहिली.

आधी आवाजाचा एक चिरका, ओला ठिपका आला, भिजलेला बूट फरशीवर घसरावा तसा. मग घशात काहीतरी घोळल्यासारखं. आणि मग हवा आत गेली. ती तिने ऐकली. रडणं नंतर आलं, आणि खोलीतल्या सगळ्यांना तिच्या चेहऱ्यावरून रडणंच कळलं. पण तिने त्याच्या आधीचं ऐकलं होतं, जे एरवी कोणालाच ऐकू येत नाही, कारण सगळे रडण्याची वाट बघत असतात. जगातली थोडीशी हवा, त्या खोलीतली, स्वयंपाकाची, घामाची, बाहेरच्या सिमेंटच्या धुळीची, एका अशा जागी गेली जिथे आजवर हवा कधी गेलेली नव्हती. दोन लहान घडीच्या पिशव्या पहिल्यांदा उघडल्या. एक दार लोटलं गेलं आणि आत कोणीतरी होतं. मग रडणं सुरू झालं, रागावलेलं, सणसणीत, आणि तो माणूसही रडायला लागला, आणि तिला कळेना की तिच्या गालांवरून काय वाहतंय.

"हॅलो," कानात एक बाईचा गोड आवाज आला. "दुभाषी सेवा. आपल्याला कोणती भाषा हवी आहे?"

तिने नाक ओढलं आणि हेडफोनबरोबर चढवायचा तो आवाज शोधून काढला. "स्पॅनिश. बाळ झालंय. त्यांना सांगा, नाळ कापू नका, ओढू नका. बाळाला आईच्या छातीवर उघडं ठेवा, वरून दोघांना पांघरूण घाला. विचारा, रक्त फार जातंय का." दुभाषी बोलत गेली, उत्तरं येत गेली, सगळं सुरळीत, दोन्ही बाजूंनी समजेल असं, आणि तिला त्या स्वच्छ, बिनचूक बोलण्यात एकदम थोडं एकटं वाटलं. मग दार उघडल्याचा आवाज आला, गाडीवाल्यांचे ओळखीचे आवाज, बूट, स्ट्रेचरची चाकं. दुभाषी निरोप घेऊन गेली. नियमाप्रमाणे तिने आता फोन बंद करायचा होता. पलीकडे फोन कुठेतरी तसाच पडला होता आणि जवळच ती आई बोलत होती, बसलेल्या घशाने, रडणाऱ्या बाळाशी, "या… या… या…" त्या भाषेत त्याचा काय अर्थ होतो ते तिने पुढेही कोणाला विचारलं नाही. कोणीतरी दूरचा, मोठा पाहुणा दारात आलाय आणि घरातली बाई त्याला आत घेतेय, असं तिला ऐकू आलं. तिने बटण दाबलं.

"पाणी पी," भोंगा म्हणाला. कुजबुजून म्हणाला, आणि ते खरोखरच फक्त तिलाच ऐकू आलं.

पाणी अर्धं प्यायली तोच पुढच्या फोनचा दिवा लागला. एका गृहस्थाचा बागेतल्या पायरीवरून घोटा मुरगळला होता आणि तो फार चिडलेला होता. तिने त्याला पाय उंच ठेवायला सांगितलं, बर्फ लावायला सांगितलं. त्याचं कण्हणं ती एरवीपेक्षा जरा जास्तच लक्ष देऊन ऐकत राहिली.

कामाची पाळी संपवून ती बाहेर पडली तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. बसथांब्यावर गर्दी होती. ती रांगेत उभी राहिली आणि पाहिलं, तर सगळ्यांच्या तोंडातून वाफ येत होती. मफलर गुंडाळलेली एक म्हातारी नाकाने बारीक, जपून वाफ सोडत होती. एक जाडजूड माणूस फोनवर कोणाला तरी झाडत होता, "अरे, तुला अक्कल आहे का?" आणि प्रत्येक शब्दाबरोबर एक पांढरा गोळा त्याच्या तोंडातून निघून त्याच्याच चष्म्याला लागून विरत होता. शाळेतून आलेल्या दोन मुली मुद्दाम फुंकर मारून कोणाची लांब जाते ते बघत होत्या. ऑफिसातला कंटाळा चेहऱ्यावर घेऊन उभा असलेला एक तरुण डोळे मिटून होता, आणि त्याच्याही नकळत त्याच्या ओठांतून ते येत होतं, जात होतं. या प्रत्येकाची एक पहिली वेळ होती. या जाड्या माणसाचीसुद्धा. कुठल्यातरी खोलीत, ते ओले, निळे, गप्प होते, आणि ते श्वास आत घेतील की नाही हे ठरेपर्यंत कोणीतरी त्यांच्यासाठी आपला श्वास रोखून धरला होता. आणि त्यांनी घेतला, सगळ्यांनी. आणि तेव्हापासून थांबले नव्हते, झोपेत नाही, भांडताना नाही, दुःखात नाही. हे असं भर रस्त्यात, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत चाललेलं होतं आणि कोणीही त्याच्याकडे बघत नव्हतं.

बस आली. "ताई, चढा की," मागची बाई म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली आणि बाजूला सरकली. माणसं एकेक करून आत गेली, काचा आतून धुरकटल्या, बस निघाली. नवी माणसं येऊन उभी राहायला लागली. तिने तोंड उघडलं आणि श्वास सावकाश सोडला. तो पांढरा होऊन समोर आला, क्षणभर तिचा म्हणून ओळखू आला, आणि मग इतरांच्यात मिसळून दिव्याच्या खांबाच्या दिशेने वर गेला.